आठ किलोमीटरचे दैम्यो

जपानच्या किसो खोऱ्यातल्या जुन्या रस्त्यावर गाईडच्या मागे, आठ-दहा अनोळखी माणसांच्या गटात, चांगले पैसे मोजून चालायला निघालेल्या मराठी माणसांसाठी हे मार्गदर्शन आहे. तरुणांनी वाचलं तरी हरकत नाही, पण त्यांना परवडणार नाही.

ज्यांनी नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड केला आहे आणि तो चारचौघांत सांगितल्याशिवाय ज्यांना जेवण जात नाही, त्यांनी आधी मन घट्ट करावं. मागोमे ते त्सुमागो हे या रस्त्यावरचं सर्वांत नावाजलेलं अंतर जेमतेम आठ किलोमीटरचं आहे. मधली खिंड आठशे मीटरच्या आसपास, आणि मागोमे गाव मुळातच सहाशे मीटरवर, म्हणजे चढ उरला दोनशे मीटरचा. वाट आखलेली, पाट्या इंग्रजीतही, वाटेत संडास, आणि तेही स्वच्छ. पायाला जळू नाही, पाठीवर टोप नाही. ‘मग यासाठी गाईड कशाला?’ हा प्रश्न ज्याला पडेल त्याने तो आपल्याच विमानतळावर सोडून यावा. तिकडे विचारला तर उत्तर मिळत नाही, नुसतं हसून मान लववतात.

खरं तर उत्तर इतिहासात आहे. हा जुना रस्ता नाकासेंदोचा तुकडा. नाकासेंदो म्हणजे एदोहून, आजच्या टोकियोहून, डोंगराडोंगरातून क्योतोला जाणारा पाचशे तीस किलोमीटरच्या वरचा रस्ता. त्यावर ६९ मुक्कामाची गावं. समुद्रकाठाचा तोकाइदो रस्ता जास्त वाहता, पण त्याला नद्या आडव्या येत. ओइ नदीवर तर पूलच नव्हता. हमालाच्या खांद्यावर बसून पलीकडे जायचं, आणि पाणी चढलं की काठावर दिवस मोजत बसायचं. त्यामुळे बड्या घरच्या नवऱ्या मुली डोंगरातल्या रस्त्याने नेत. १८६१ साली राजकन्या काझुनोमिया शोगुनशी, म्हणजे एदोतल्या लष्करी राज्यकर्त्याशी, लग्न करायला याच रस्त्याने गेली, हजारोंचा लवाजमा घेऊन.

आता दैम्यो. दैम्यो म्हणजे प्रांताचा सरदार. १६३५ साली शोगुनने हुकूम पक्का केला: वर्षभर आपल्या मुलखात राहा, वर्षभर एदोत हजेरी द्या, आणि बायकामुलं मात्र कायमची एदोत ठेवा. कशासाठी, ते सांगायला नको. मग दैम्योची ये-जा मिरवणुकीनेच व्हायची. सामान पुढे, भालेवाले पुढे, मुक्कामाचा वाडा ठरलेला, किती माणसं न्यायची तेही ठरलेलं. पालखीतला तो भारदस्त गृहस्थ त्या रस्त्यावरचा सर्वांत परतंत्र प्रवासी होता. चहा विकणारी म्हातारीसुद्धा त्याच्यापेक्षा मोकळी.

पैसे भरल्या क्षणापासून तुमचा दर्जा त्या दैम्योचाच असतो. तो नीट निभावणं एवढंच तुमचं काम, आणि आठ किलोमीटरपेक्षा ते कठीण आहे.

सामानापासून सुरुवात करू. मोठी बॅग सकाळी मुक्कामाच्या दारात ठेवायची, ती गाडीने पुढच्या मुक्कामी जाते. बॅगेवर डोळा ठेवायला मागे थांबू नये. कुलपाला दोरा बांधून खूण करू नये. बॅग तुमच्या आधी पोचलेली असते, आणि तुम्ही बांधलेली गाठसुद्धा जशीच्या तशी असते. हे पाहून काही मराठी माणसांना हुरहूर लागते. पाठीवरच्या छोट्या पिशवीत पाणी, पावसाचं जाकीट आणि एक रिकामी प्लास्टिकची थैली ठेवावी. थैली कचऱ्यासाठी. वाटेत कचऱ्याचे डबे जवळजवळ नाहीतच; चॉकलेटचा कागद मुक्कामापर्यंत तुमच्याबरोबर चालतो.

वेळ. गाईडने ‘नऊ’ म्हटलं की आठ पंचावन्नला बूट बांधून उभं राहायचं. ‘येतोच दोन मिनिटांत’ हे वाक्य जपानमध्ये अजून पोचलेलं नाही. ते पोचवण्याचा मान आपण घेऊ नये.

चालू लागल्यावर जागोजागी खांबाला टांगलेली घंटा दिसेल. ही अस्वलांसाठी आहे. त्या रानात आपल्या हिमालयातल्या काळ्या अस्वलाचेच भाऊबंद राहतात, आणि आवाज आला की बहुधा ते स्वतःच वाट सोडतात. गटातले युरोपी लोक संकोचून टिण् करतील. इथे मराठी माणसाने पुढे व्हावं. देवळात शिरताना घंटा कशी वाजवायची हे आपल्याला लहानपणापासून येतं. लहान मुलाला उचलून धरण्याची हौस मात्र आवरावी. हात जोडण्याचीही गरज नाही. अस्वल प्रसन्न व्हावं अशी अपेक्षा नाही.

गाईड दर शंभर पावलांवर थांबेल आणि शेवाळलेल्या दगडापाशी बोलू लागेल. ऐकावं. झाडांबद्दल बोलला तर विशेष ऐकावं. हिनोकी आणि इतर चार जातींची झाडं तोडायला या रानाची मालकी असलेल्या ओवारीच्या सरदारांनी बंदी केली होती, आणि शिक्षेचा हिशेब साधा होता: एक झाड, एक मुंडकं. रान शाबूत राहिलं. इसेचं देऊळ दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात, त्याचं लाकूड आजही मुख्यतः या किसोच्या रानातून जातं. आपल्याकडच्या वनखात्याला हे कळवू नये.

मग एक दगड असा येईल की त्यावर देवीसारखी मूर्ती आणि तिच्या माथ्यावर घोड्याचं तोंड. ओझं वाहता वाहता रस्त्यात मेलेल्या घोड्यांसाठी गावकऱ्यांनी हे दगड उभे केले. दैम्योच्या मिरवणुकांची वर्णनं पुष्कळ आहेत, घोड्यांची आठवण एवढीच. गाईड सांगेल की हा बातो कान्नोन, मूळचा भारतातला हयग्रीव. या क्षणी छाती फुगेल आणि ‘हे सगळं आपलंच!’ असं तोंडातून निघेल. हे वाक्य दिवसातून एकदाच वापरायची परवानगी आहे. सकाळीच खर्च करू नये, कारण संध्याकाळी अंघोळीच्या गरम पाण्याच्या हौदापाशी ते लागतं.

खिंडीच्या पलीकडे उतारावर एक जुनं चहाघर आहे. आत चूल धुमसत असते आणि स्थानिक स्वयंसेवक चहा देतात, फुकट. फुकट म्हटल्यावर दुसरा कप मागण्याआधी कोपऱ्यातल्या पेटीत नाणी टाकावीत. दूध, साखर, आलं याची चौकशी करू नये. ज्यांना ती केल्याशिवाय राहवत नाही त्यांनी निदान मराठीत करावी.

आता मुक्काम, जिथे खरी परीक्षा आहे. किसोतले मिन्शुकु म्हणजे घरगुती खानावळ आणि लॉज एकत्र. पूर्वी या रस्त्यावर किसो-फुकुशिमाला तपासणी नाका होता. एदोकडे जाणाऱ्या बंदुका आणि एदोतून निसटणाऱ्या सरदारांच्या बायका, या दोन गोष्टींवर त्याची करडी नजर. १८६९ साली नाके बंद झाले, पण तुमच्या पासपोर्टची झेरॉक्स मिन्शुकुच्या मावशी काढतातच. निमूट द्यावा.

बूट दारात काढायचे, बोटं दाराकडे करून ठेवायचे. पुढे लाकडी ओसरीवर सपाता. तातामीच्या चटईवर सपाताही नाहीत, नुसते मोजे. म्हणून मोजे भोक नसलेले आणावेत, हा या मार्गदर्शनातला एकमेव तांत्रिक सल्ला. संडासाच्या सपाता वेगळ्या. त्या घालून जो परत जेवणाच्या खोलीत येतो त्याला कुणी काही बोलत नाही, फक्त मावशी पायांकडे एकदा बघतात.

अंघोळीच्या बाबतीत बादली-तांब्यावर वाढलेली पिढी गोऱ्यांच्या पुष्कळ पुढे आहे. बुटक्या स्टुलावर बसून, अंगाला साबण लावून, पाणी ओतून स्वच्छ व्हायचं, आणि मगच चाळीस-बेचाळीस अंशाच्या पाण्यात बुडी. गटातल्या ऑस्ट्रेलियन गृहस्थांना हे दोन दिवस समजावून सांगावं लागतं. आपल्याला फक्त उलटी बाजू शिकायची आहे: पाण्यात साबण नेऊ नये, टॉवेल बुडवू नये, आणि बाहेर येताना हौदाचं बूच काढू नये. तुमच्यामागे सगळं घर त्याच पाण्यात उतरणार असतं.

युकाता हा सुती झगा घालताना डावा पदर उजव्यावर यावा. उजवा डाव्यावर मृतांना नेसवतात. जेवायला तसं आलात तर यजमानांना काळजी वाटते.

जेवण सहाला. नऊला जेवणारे इथे हरतात. ताटात दहा-बारा वाट्या, आणि मधोमध मीठ लावून भाजलेला नदीचा मासा, शेपटी वळवलेला, डोळा तुमच्याकडे. शाकाहारींनी बुकिंगच्या वेळीच कळवावं. मावशींच्या हातात असेल तेवढं त्या करतात, तरी वरणासारख्या दिसणाऱ्या मिसो सूपमध्ये सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, हे जाणून घ्यावं किंवा जाणून न घेण्याचं ठरवावं. एखाद्या वाटीत गोडसर तपकिरी काहीतरी चकाकताना दिसलं तर आधी पाय मोजावेत. नाकतोडे असू शकतात. आणि ‘सुंकी’ म्हणून लोणचं येईल, सलगमच्या पाल्याचं. त्यात मीठ नसतं. डोंगरात मीठ महाग, म्हणून नुसतंच आंबवलेलं. बिनमिठाचं लोणचं खाताना चेहरा सरळ ठेवणं ही या सहलीतली सर्वांत उंच खिंड. तिखटाची बाटली काढायची तर मावशी आत गेल्यावर. भिंती कागदी आहेत, त्यामुळे रात्री चिवड्याची पिशवी उघडली की शेजारच्या दोन खोल्यांना कळतं. घोरण्याबद्दल तर बोलायलाच नको.

त्सुमागो इतकं जुनं कसं राहिलं, हे विचारावं, कारण उत्तर चांगलं आहे. १९११ साली खोऱ्यातून रेल्वे पूर्ण झाली, पण स्टेशन पडलं दूर. गाव ओस पडत गेलं. नवी घरं बांधायला कुणापाशी पैसा नव्हता म्हणून जुनी तशीच उभी राहिली. साठच्या दशकाच्या शेवटी डागडुजी सुरू झाली आणि १९७१ साली गावकऱ्यांनी लिहून ठेवलं: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. मुख्य रस्त्यावरून विजेच्या तारा हटवल्या, दिवसा मोटारींना मज्जाव. पुनर्विकासाचं काय ठरलं, अशी चौकशी तिथे करू नये. प्रश्न समजला तर माणसं घाबरतील.

निघताना टीप देऊ नये. दिलीत तर ती घेऊन माणूस तुमच्यामागे पळत येतो, आणि गाईडला पुन्हा थांबावं लागतं.

परत आल्यावर लोक विचारतील. नाकासेंदो पाचशे तीस किलोमीटरच्या वर आहे, राजकन्या तिथून गेली, वाटेत अस्वलं आहेत, एवढं बिनधास्त सांगावं. गटाने गोड तेवढे तुकडे चालायचे आणि मधलं अंतर आगगाडीने कापायचं असतं, हे आपण होऊन काढू नये. त्यातलं नेमकं चाललात किती, असं कुणी खोदून विचारलंच, तर उठून चहाला आधण ठेवावं.