पत्रिका इन्स्टॉल करावी लागत नाही

काष्टीच्या शनिवारच्या बाजारात बैलाचे दात बघितल्याशिवाय कुणी पैसे मोजत नाही. चालवून बघतात, खुरं बघतात, मग व्यवहार. तीच माणसं मोबाइलवर लग्नाची पत्रिका आली की काही न बघता बोट ठेवतात. चोरांनी नेमकं हेच हेरलंय.

ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला अनोळखी नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर ३० ऑगस्टच्या लग्नाचं निमंत्रण आलं. दिसायला पीडीएफ, प्रत्यक्षात एपीके, म्हणजे ॲपची फाइल. ती उघडली आणि खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले.

डाव जुनाच आहे. मे २००० मध्ये ‘आय लव्ह यू’ व्हायरस प्रेमपत्र बनून ईमेलमधून जगभर फिरला. २००७ मध्ये ‘घरच्या माणसानं शुभेच्छापत्र पाठवलंय’ असं सांगणाऱ्या ईमेलमधून स्टॉर्म वर्म पसरला. तेव्हा संगणक बिघडायचा. आता बँकच फोनमध्ये असल्यानं थेट खात्याला हात लागतो.

आणि हा डाव आपल्याकडे हमखास चालतो. लग्नाला गेलो नाही तर भावकीत वर्षभर रुसवा. त्यात ‘नजरचुकीने निमंत्रण राहिल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे’ असं छापून आपणच सगळ्यांना सवय लावली. नंबर ओळखीचा नसला तरी वाटतं, सोयऱ्यांपैकीच कुणीतरी असेल.

म्हणून एवढं पक्कं ध्यानात ठेवा. पत्रिका फोटो असते, पीडीएफ असते किंवा व्हिडिओ असतो. ती बघायची असते, इन्स्टॉल करायची नसते. फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके दिसलं की ते ॲप आहे. ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिली की तुमचे ओटीपी चोराच्या हातात. पुढे अशा फोनवरून तीच फाइल नातेवाइकांना आणि गावच्या ग्रुपवर जाऊ शकते. त्यामुळे मामांच्या नंबरवरून आली म्हणून ती खरी ठरत नाही. मामांना फोन लावा. दोन मिनिटं बोलणंही होईल.

चुकून उघडलीच, तर आधी फोनचं इंटरनेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं गोठवायला सांगा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो. जितक्या लवकर फोन, तितकी तो अडवण्याची शक्यता जास्त.

यजमानांनाही एक मागणं आहे. पत्रिका पाठवा, पण सोबत फोनही करा. आणि जो फसला, त्यानं लाजेपोटी गप्प बसू नये. गावच्या ग्रुपवर त्याच दिवशी सांगावं. त्याचे पैसे परत येतील की नाही ते पुढे कळेल, पण शेजाऱ्याचे नक्की वाचतील.