पंचांसमक्ष

रविवारी सकाळी सात वाजता, चहाचा पहिला घोट घशाखाली उतरण्यापूर्वी, ज्याची ‘मास्तर, जरा बॅटरी धरायला या’ ही हाक कानी पडताच आपण आजारी असल्याची बतावणी करावी की काय असा मोह होतो, असा गृहस्थ आपल्याही गल्लीत असणारच. आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत त्यास सर्कलसाहेब म्हणतात. महसूल खात्यातून मंडल अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी सरकारी लिलावात घेतलेली 1974 सालची महिंद्र जीप, उद्यमनगर इतके जवळ असून आणि तेथे लेथ व मिस्त्री यांचा सुकाळ असून, आजतागायत कोणाच्या हाती दिलेली नाही. “ज्या गावात बाबूराव पेंटरांनी कॅमेरा स्वहस्ते घडवून 1920 साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, त्या गावात एक क्रॉस बदलायला मिस्त्री?” या त्यांच्या सवालाला माझ्याजवळ जबाब नव्हता, म्हणून बॅटरी माझ्या हातात आली.

क्रॉस म्हणजे अधिक चिन्हाच्या आकाराचा पोलादी तुकडा. जीपच्या गिअरबॉक्सला लागून असलेल्या ट्रान्स्फर केसमधून एक शाफ्ट पुढच्या चाकांकडे व एक मागच्यांकडे जातो, आणि खड्ड्यात चाके खालीवर झाली तरी शाफ्ट फिरता राहावा म्हणून त्याच्या दोन्ही टोकांस हा सांधा असतो. मागचा क्रॉस झिजला होता. गाडी सुटताना ‘खट्ट’ असा आवाज होई.

परंतु सर्कलसाहेबांच्या हाती पान्याआधी लेखणी येते. ‘आम्ही खालील सह्या करणार पंच’ अशी प्रस्तावना झाल्याखेरीज एक बोल्ट सैल होत नाही. निघालेल्या प्रत्येक बोल्टास सुतळीने चिठ्ठी बांधली जाते, बेअरिंगच्या वाट्या व त्या जागी धरणाऱ्या सर्कलिप मुद्देमाल म्हणून परातीत दाखल होतात, आणि परात सौभाग्यवतींनी पुरणासाठी परत मागितली असता ‘प्रकरण चालू आहे’ असा शेरा मिळतो. आजवर मी एकोणीस पंचनाम्यांवर सही केली आहे. त्यांपैकी एक कुकरच्या शिट्टीचा होता.

नवा क्रॉस बसवताना एका वाटीतील सर्कलिप काही केल्या खाचेत बसेना. तासभर तिच्यावर ठपका ठेवून झाल्यावर वाटी पुन्हा काढली, तेव्हा बेअरिंगची एक सुई तळाशी आडवी पडलेली सापडली. तिचाही पंचनामा झाला. मग शाफ्टचे दोन तुकडे पुन्हा जोडताना खरे संकट उद्भवले, कारण दोन्ही टोकांचे योक, म्हणजे क्रॉस धरणारे दुबेळके, एकाच रेषेत येणे आवश्यक असते, आणि त्यासाठी केलेली खडूची खूण रॉकेलने धुताना साहेबांनीच पुसून टाकली होती.

“तुम्ही पंच आहात. खूण कुठे होती?”

“साहेब, मी सही वाचून केलेली नाही. चहा पिऊन केलेली आहे.”

अंदाजाने जोडलेली ती जीप रंकाळ्यापर्यंत जाऊन येईतो अशी थरथरली की माझा चष्मा नाकावरून मिशीवर आला. परतल्यावर साहेब निमूटपणे पुन्हा गाडीखाली शिरले.

तेथूनच, तोंड न दिसता, ते जे बोलले त्यामुळे माझी चीड अर्धी ओसरली. पूर्ण ओसरली असे लिहिणार नाही, कारण बॅटरी धरून माझा हात भरून आला होता. “2005 च्या महापुरात शिरोळ तालुक्यात किती भिंती लिहिल्या, मास्तर! अमुक फूट लांब, तमुक फूट उंच, मातीची, पडली. बाई दारात उभी असायची. आम्ही सही घ्यायची, कागद तालुक्याला धाडायचा आणि पुढच्या घरी जायचं. लिहिलेली एक भिंत काही आम्हाला उभी करता आली नाही.”

मी बॅटरी दुसऱ्या हातात घेतली.

संध्याकाळी पाच वाजता योक रेषेत आले, आणि जीप खासबागेस वळसा घालून खट्ट न करता परतली. साहेबांनी हात पुसले, चष्मा लावला, विसावा पंचनामा माझ्यापुढे सरकवला. या खेपेस मी तो वाचला. नुकसानीच्या रकान्यात वळणदार अक्षरात लिहिले होते : निरंक.