कोनमापक घेऊन या

टेंपोतून गाडी उतरवली, तिच्यावरचं कापड काढलं आणि गर्दीतून पहिला प्रश्न आला, "क्रँक किती अंशांचा?"

किंमत कुणी विचारली नाही. ब्रेक कुणी दाबून पाहिले नाहीत. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, कामशेतच्या पुढे, रविवारी सकाळी जिथे वडापावपेक्षा हेल्मेटं जास्त दिसतात अशा एका टपरीवर हा सोहळा होता. एका स्टार्टअपच्या तीन पोरांनी (नाव सांगत नाही, त्यांना आधीच पुरेसे सल्ले मिळालेले आहेत) स्पोर्ट टूरर मोटारसायकल बनवली आहे आणि तिचं इंजिनही घरचं आहे. बाहेरून आणून वर आपला स्टिकर चिकटवलेलं नव्हे, स्वतः आखून, ओतून घेतलेलं. साडेसहाशे सीसी, शेजारी शेजारी दोन सिलिंडर, पुढे उंच काच, मागे दोन्ही अंगांना सामानाचे डबे. दोघांनी बसायचं, लांब जायचं आणि भरभर जायचं, एवढ्याचसाठी जन्माला आलेली गाडी.

"३६०," त्यातला चष्मेवाला पोरगा म्हणाला.

मुलगी पाहायला आलेल्यांच्या पोह्यात खडा निघावा तशी शांतता पसरली.

विचारणारे गृहस्थ कोथरूडचे. गुडघ्यांना ढाली, कोपरांना ढाली, छातीवर खारदुंगल्याचा बिल्ला. लोणावळ्यापर्यंत चिक्कीसाठी जाताना एवढं चिलखत कशाला, हे विचारायचं नसतं. "मग कॅरेक्टर नाही त्यात," ते म्हणाले. आमच्या वेळी कॅरेक्टरचा दाखला मुख्याध्यापक देत. आता तो क्रँकशाफ्टवरून मिळतो.

"सोपं आहे सर," माझा चेहरा पाहून त्यांनी चहाचे दोन ग्लास उचलले. "हे दोन पिस्टन." दोन्ही एकदम वर, एकदम खाली, हे ३६०. एक वर असताना एक खाली, हे १८०. (इथे माझ्या बुटावर चहा सांडला.) मग एक ग्लास टोकाला आणि दुसरा अर्ध्या वाटेवर. हे २७०. ३६० मध्ये ठिणग्या सारख्या अंतराने पडतात, प्रत्येक फेऱ्याला एक. २७० मध्ये एक ठिणगी २७० अंशांनंतर पडते आणि पुढची ४५० अंशांनंतर, म्हणून आवाज ढगढग... ढगढग असा येतो, नव्वद अंशांच्या व्ही-ट्विनसारखा. मला समजलं ते असं की ते इंजिन किंचित लंगडतं. सरळ चालतं त्याला आत्मा नसतो, लंगडतं त्याला असतो. या हिशेबाने आमच्या सोसायटीच्या लिफ्टला महात्मा म्हणायला हवं.

घरी येऊन मी गणित मांडलं. गाडी जागेवर उभी आहे, इंजिन मिनिटाला १२०० फेरे घेतंय असं धरा. ४५० आणि २७० यांत फरक १८० अंशांचा, म्हणजे अर्ध्या फेऱ्याचा, म्हणजे सेकंदाच्या चाळिसाव्या भागाचा. वेग घेतला, फेरे ६००० झाले, की तोच फरक दोनशेव्या भागावर येतो. डोळ्याची पापणी लवायला याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. ह्या चाळिसाव्या भागावर त्या टपरीवर पावणेतीन तास वाद झाला आणि टपरीवाल्याचं दूध दोनदा संपलं.

वादात कोण नव्हतं? एक येझदीवाले काका होते. त्यांच्या मते दुसरा सिलिंडर हीच मुळात चैन आहे आणि चार स्ट्रोक हा आळस. एक आयटीवाला होता, तो म्हणाला की तीन वर्षांपूर्वीच मी ह्यांना २७० सुचवलं असतं. 'असतं' का, तर ह्यांची त्याची ओळख आजच झाली. एक वास्तूवाले निघाले (पुण्यात कुठेही पंधरा माणसं जमली की त्यांत एक वास्तूवाले असतात), त्यांनी खिशातून होकायंत्र काढून सिद्ध केलं की २७० अंश म्हणजे पश्चिम, पश्चिम म्हणजे वरुण, तेव्हा २७० केलं असतं तर पावसाळ्यात इंजिनात पाणी शिरलंच असतं, पोरांनी केलं तेच योग्य केलं. सबंध सकाळीत पोरांच्या बाजूने बोललेला हा एकमेव माणूस. त्यावर ढालवाले इतके चिडले, की म्हणाले, आधी २७० अंश म्हणजे काय ते कागदावर काढून दाखवा. कागद आला, पेन आलं. वहिनी आणि शाळकरी मुलाला घेऊन फिरायला निघालेलं एक कुटुंब बिचारं चहाला थांबलं होतं. त्या मुलाच्या दप्तरातला कोनमापक मागून आणला. तो १८० वर संपतो. आपल्या सगळ्यांच्या कंपासपेटीतला कोनमापक १८० वरच संपायचा, कारण शाळेला वाटलं की पुढचे १८० अंश आयुष्य शिकवेल. मग तो उलटा करून ठेवायचा की आडवा यावर दोन तट पडले. उलटावाल्यांनी आडवावाल्यांना स्कूटरवाले म्हटलं. मी स्कूटरवालाच आहे. एकशेदहा सीसी, एकच सिलिंडर, तो कुणाशी किती अंशांत आहे हा प्रश्नच येत नाही, संन्याशासारखा एकटा वरखाली करतो. पण हे बोलायची सोय नव्हती. शेवटी त्या मुलानेच सांगितलं, "काका, ३६० मधून ९० वजा करा ना." त्याला गप्प बसायला सांगण्यात आलं.

तेवढ्यात कुणीतरी रिसेल व्हॅल्यू विचारली. जी गाडी अजून एकाही माणसाने विकत घेतली नाही, तिची.

चष्मेवाला पोरगा मधूनमधून काहीतरी सांगू पाहत होता. दोन्ही पिस्टन एकदम थांबतात आणि एकदम निघतात, त्याने हादरे बसतात, म्हणून आम्ही बॅलन्सर शाफ्ट टाकलाय. तो बसवायलाच आम्हाला वर्ष लागलं. लांब जाणाऱ्याच्या हाताला मुंग्या येऊ नयेत ना. कुणी ऐकलं नाही. २७० केलं असतं तर ह्याच तोंडांनी "सगळेच करतात, तुम्ही नवीन काय केलंत?" विचारलं असतं, हे त्यालाही ठाऊक असावं, कारण तो फार वाईट वाटल्यासारखा दिसत नव्हता. ३५० सीसीच्या वरच्या दुचाकीवर सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी आहे, हे त्याच्या साथीदाराने सांगितलं तेव्हा मात्र दोघांचे चेहरे एकदम पडले. एकदम, म्हणजे ३६० अंशांत.

मग मी माझा अडाणी प्रश्न विचारला. ही चालवायची कुठे?

"म्हणजे?"

म्हणजे असं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, दुचाकीला बंदी. समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर, मुंबई ते नागपूर, नकाशावर पाहिलं तर स्पोर्ट टूररसाठीच आखल्यासारखा, दुचाकीला बंदी. वांद्रे-वरळी सागरी सेतू, बंदी. शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू, बंदी. मुंबईचा किनारी रस्ता, बंदी. महाराष्ट्रात सपाट, रुंद आणि खड्डा नसलेलं डांबर किंवा काँक्रीट जिथे म्हणून ओतलंय, त्याच्या तोंडाशी स्कूटरचं चित्र काढून त्यावर काट मारलेली आहे. कारण काय, तर आमची सुरक्षितता! म्हणजे दुभाजक असलेल्या, गाई-म्हशी नसलेल्या, समोरून कुणी न येणाऱ्या रस्त्यावर मी असुरक्षित. आणि जुन्या रस्त्यावर, जिथे ट्रक उलट्या बाजूने येतो, जिथे गतिरोधक रातोरात उगवतो आणि त्याला पांढरे पट्टे मारायला पुढचा अपघात लागतो, तिथे मी सुरक्षित? पन्नास सीसीच्या लूनाला अडवा, समजू शकतो. पण लूना आणि ही साडेसहाशेची एकाच काटेखाली? जर्मनीच्या ऑटोबानवर नियम असा आहे की मोटारवाहन ताशी ६० किलोमीटरपेक्षा जास्त वेग घेऊ शकत असेल तर खुशाल या, चाकं कुणी मोजत नाही. इथे चाकंच मोजतात. राज्यात चारचाकींपेक्षा दुचाकी कितीतरी जास्त, रस्ता सगळ्यांच्या कराचा, आणि फाटकाशी आम्हाला सांगायचं, तुम्ही मागच्या दाराने या. ह्यावर कधी एक मोर्चा? एक निवेदन? रविवारी शंभर हेल्मेटं एका टपरीवर जमतात, त्यांनी एकदा, फक्त एकदा, टोलनाक्यासमोर गाड्या उभ्या करून विचारलं असतं तर...

"सर, तो वेगळा विषय आहे," ढालवाले शांतपणे म्हणाले. "आपण इंजिनावर बोलतोय."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. कोनमापक मुलाला परत मिळाला. पोरं घाटाखालून आली होती आणि त्यांना दुपारच्या आत परतायचं होतं. सगळ्यांनी हात लावून गाडी टेंपोत चढवली, चार बाजूंनी दोर आवळले, सामानाचे डबे निघू नयेत म्हणून वरून गोणपाट बांधलं. टेंपोला चार चाकं होती.

टेंपो एक्स्प्रेसवेने गेला.