नेट धरून बसलेले काका

२००० सालच्या आगेमागे पुण्यातल्या बहुतेक सोसायट्यांमध्ये एक नेटकाका असायचे. बँकेतून नुकतीच स्वेच्छानिवृत्ती घेतलेली, वय पंचावन्नच्या पुढे, मुलगा अमेरिकेत नाहीतर अमेरिकेच्या वाटेवर. मुलासाठी म्हणून संगणक घरात आलेला आणि मुलगा गेल्यावर तो वडिलांच्या ताब्यात गेलेला. या काकांना इंटरनेटवर काय बघायचं असतं, असं नवखा माणूस विचारायचा. त्यांना काहीच बघायचं नसायचं. त्यांना नेट चालू ठेवायचं असायचं.

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले काका या जातीतले अव्वल. १५ ऑगस्टच्या झेंडावंदनाला ते शेजारी उभ्या असलेल्या माणसाला हळूच सांगत, ‘१९९५ साली आजच्याच दिवशी विदेश संचार निगमने नेट सुरू केलं.’ सूर असा की १९४७चं आपलं ठीक आहे, पण ही खरी गोष्ट.

संगणकाने फोन फिरवला की मोडेममधून आधी डायल टोन, मग आकड्यांचे सूर, मग एक लांब शिट्टी आणि शेवटी खरखराट ऐकू यायचा. दोन टोकांचे मोडेम कोणत्या वेगाने बोलायचं ते ठरवत असत, त्याचा तो आवाज. एक आज्ञा दिली की हा आवाज बंद करता येतो, हे काकांना पक्कं ठाऊक होतं, आणि तो बंद करणाऱ्यांविषयी त्यांना मनापासून कीव वाटायची. नाडी बघणाऱ्या वैद्यासारखे ते डोळे मिटून ऐकायचे. खरखर मध्येच खाली आली की म्हणायचे, ‘नाही, हे टिकत नाही. परत लावा.’ लावणारे तेच, तरी ‘लावा’ म्हणायचे.

मोडेमवर लिहिलेलं ५६ के. तेवढा वेग कधी कुणाला लागला नाही, आणि काकांनाही तशी आशा नव्हती. पडद्याच्या कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या दोन चिमुकल्या संगणकांवर बाण नेला की खरा आकडा दिसायचा. ४४,००० म्हणजे बरा दिवस. ४५,३३३ म्हणजे शुभ दिवस. एकदा ४९,३३३ लागलं, तेव्हा काकूंना हातातली पोळी तव्यावर ठेवून बघायला यावं लागलं. ‘बरं,’ त्या म्हणाल्या, ‘मग आता काय होणार?’ या प्रश्नाला काकांकडे उत्तर नव्हतं. त्यांच्या मते तो प्रश्नच नव्हता.

घरात फोनची तार एकच. तीच बोलण्याची, तीच नेटची. हॉलमध्ये एक फोन आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्याचाच पॅरलल. कुणी नुसता रिसीव्हर उचलला तरी इकडे नेट तुटायचं. म्हणून पॅरलल फोनवर पाटी आली: ‘नेट चालू असताना फोन उचलू नये.’ ती वाचूनही कामवाल्या बाईंनी फोन पुसायला उचलला, तेव्हा दुसरी आली: ‘पुसण्यासाठीही उचलू नये.’ काकूंच्या माहेरचे लोक महिनाभर सांगलीहून फोन लावत राहिले आणि महिनाभर तो एंगेज लागला. काकांची धाकटी मुलगी कॉलेजात होती. माहेरच्यांनी सरळ हिशेब केला आणि मामा चौकशीला थेट पुण्याला आले. घरी येऊन बघतात तो फोनला चिकटलेले सापडले ते भावजी, आणि बोलत कुणाशीच नव्हते.

याच मामांनी जाताना काकूंच्या सोयीसाठी कॉल वेटिंग घ्यायला सुचवलं. ते घेतलंही. मग कुणाचाही फोन आला की तारेवर बीप वाजायची आणि त्या बीपने मोडेमचं बोलणं तुटायचं. काकांनी ती सोय अर्ज लिहून बंद करून घेतली. अर्जात कारण लिहिलं होतं: ‘फोन येतात.’

पण काका खरे कसाला लागले ते २००४ साली. त्या ऑगस्टमध्ये विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक निघाला. त्याची पूर्ण फाइल २६६ एमबीची. ४४,०००च्या वेगाने सेकंदाला जेमतेम पाच-साडेपाच किलोबाइट येतात, म्हणजे सरळ १४ तासांचं काम. मासिकांबरोबर मिळणाऱ्या सीडीवर तो येईल, असं सगळे सांगत होते. काकांना सीडी नको होती. पॅक उतरवून घेणं हे निमित्त. १४ तास नेट धरून दाखवणं हा मूळ हेतू.

रात्री साडेदहाला, घर झोपल्यावर, त्यांनी सुरुवात केली. अडीचच्या सुमाराला नेट तुटलं. पुन्हा लावलं, ते सकाळी साडेसहाला तुटलं. दुसऱ्या रात्रीही तेच. तुटलेली फाइल पुढे जोडून घेणारे गेटराइट, फ्लॅशगेट वगैरे प्रोग्रॅम तेव्हा होते, त्यामुळे पॅक तसा येतच होता. दुसरा कुणी असता तर त्यावर खूश राहिला असता. काकांनी बँकेची एक जुनी डायरी घेतली आणि वेळा मांडायला सुरुवात केली.

संशय आधी पावसावर गेला. यात तथ्य असतं. रस्त्याकडेच्या डब्यात पाणी गेलं की तांब्याच्या तारा कुरकुरतात. पण त्या आठवड्यात पाऊसच नव्हता. मग तिसऱ्या मजल्यावरच्या पाण्याच्या पंपावर. मग विंडोजवर, कारण वीस मिनिटं काही हालचाल नसेल तर ते स्वतःच फोन ठेवतं. पण ती खूण काकांनी कधीच काढून टाकली होती. शिवाय लांबच्या एका सर्व्हरला दर सेकंदाला ‘आहेस का?’ असं विचारणारी पिंगची खिडकी रात्रभर उघडी असायची, म्हणजे आपण झोपलोय असं कुणाला वाटू नये.

मग टेलिफोन खात्याच्या १९८ नंबरवर तक्रार. लाइनमन आला, त्याने खांद्यावरचा फोन तारेला लावला, हॅलो हॅलो केलं आणि म्हणाला, ‘साहेब, लाइन तर बोलतेय.’ काका म्हणाले, ‘मला बोलायचं नाहीये.’ आयुष्यभर लोकांच्या लाइनी बोलत्या केलेल्या त्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला. दोघांचंही खरं होतं. माणसाला मध्येच जराशी खरखर ऐकू आली तर तो ‘काय म्हणालात?’ विचारून पुढे बोलतो. मोडेम इतका सोशीक नसतो.

म्हणून काकांनी त्याला सोशीक करायला घेतलं. मोडेमच्या आत एस १० नावाचा एक कप्पा असतो. समोरचा सूर नाहीसा झाल्यावर किती वेळ वाट बघून फोन ठेवायचा, ते सेकंदाच्या दहाव्या भागात त्यात लिहिलेलं असतं. साधारणपणे तिथे १४ असतं, म्हणजे दीड सेकंदही नाही. काकांनी १०० घातले. आता समोरचा फोन ठेवून गेला तरी आमचा मोडेम दहा सेकंद वाट बघत बसायचा. एवढ्याने साडेआठ सेकंद वाढले. डायरीत तशी नोंद आहे.

शेवटी मुलीनेच नेट देणाऱ्या कंपनीला फोन केला (त्यासाठी नेट बंद करावं लागलं, त्यावरून वाद झाला). पलीकडचा मुलगा एका दमात म्हणाला, ‘मॅडम, एका सेशनला चार तासांची लिमिट आहे. नंतर आपोआप कट होतं.’ त्यांच्याकडे जितके मोडेम, तितकेच लोक एका वेळी आत. सगळेच रात्रभर बसले तर बाहेरच्यांना एंगेज टोनच ऐकत बसावं लागेल, म्हणून ही मर्यादा. नोंदणीच्या कागदावर मागच्या बाजूला ती बारीक अक्षरांत छापलेलीही होती.

पाऊस, पंप, विंडोज, लाइनमन, सगळे निर्दोष सुटले. काका दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. त्यांना मर्यादेचा राग नव्हता. बँकेत तीस वर्षं काढलेल्या माणसाला नियम कळतो. पण आपण धरलेलं नेट कुणीतरी घड्याळ बघून हिसकावून घेतं, हे त्यांना झोंबलं. तिसऱ्या दिवसापासून ते गजर लावू लागले. तीन तास पंचावन्न मिनिटं झाली की उठायचे, स्वतःच्या हाताने डिसकनेक्टचं बटण दाबायचे, पाणी प्यायचे आणि पुन्हा फोन फिरवायचे. वेळेच्या हिशेबात यात तोटाच होता. ते आम्ही दाखवून दिल्यावर म्हणाले, ‘तोटा असू दे. तुटणं वेगळं आणि आपण तोडणं वेगळं.’ यानंतर डायरीतल्या ‘तुटले’च्या रकान्यात कायम शून्य आहे.

२००५च्या जानेवारीत सरकारी ब्रॉडबँड आलं, २५६ केबीपीएसचं. फोन वाजत असतानाही नेट चालू राहायचं. सोसायटीत आनंदीआनंद झाला आणि काका बेकार झाले. काही दिवस ते राउटरचे दिवे बघत बसायचे. दिवे नुसते जळत राहायचे. करण्यासारखं काही नव्हतं. सांगलीचे फोन लागू लागले, तेही त्यांच्या जिवावर येऊ लागलं.

काका आता ऐंशीचे आहेत. घरात फायबर आहे, ते सुनेच्या नावावर. अमेरिकेत एओएल कंपनीने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ला बंद केली, ती बातमी मी त्यांना मुद्दाम वाचून दाखवली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, ‘कंपनीने स्वतः तोडलं ना? मग हरकत नाही.’