भरावावर बंगला उभारणाऱ्या ठेकेदारास

ठेकेदारसाहेब,

पाचगणीच्या उतारावरची तुमची करामत आम्ही खालच्या आळीतून रोज पाहतो. वरचा डोंगर जेसीबीने कापलात, निघालेली माती खाली लोटलीत, तिच्यावर मुरूम ओतलात, जेसीबी दोनदा पुढेमागे फिरवलात आणि जाहीर केलंत, "बसली माती!" शाबास! अर्धा पाया कातळावर, अर्धा भुसभुशीत भरावावर. कातळ जागचा हलणार नाही, भराव खचत राहणार, आणि भिंत मधोमध तिरकी चिरणार. गिऱ्हाइकाला धोम धरणाचं पाणी खिडकीतून दाखवताना हेही सांगता का?

त्या भरावात काय गाडलंय ते आम्हाला ठाऊक आहे. सिल्व्हर ओकची मुळं, पालापाचोळा, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या. मुळं कुजली की खाली पोकळी आणि वर खचलेली फरशी. आधी वरची माती मुळांसकट खरवडायची, उतारावर पायऱ्या कापायच्या, म्हणजे भराव घसरत नाही. मग मुरूम वीतभर थराने पसरायचा, पाणी मारायचं, रोलर नाहीतर धुमस चालवायचा. पाणीसुद्धा बेताचं लागतं. कोरडा मुरूम दबत नाही आणि चिखल रोलरखाली नुसता डुचमळतो. हा बेत काढायची चाचणी प्रॉक्टर नावाच्या अमेरिकी अभियंत्याने १९३३ सालीच मांडली. तुम्ही पुरुषभर ढीग एकदम ओतलात. वरचा हातभर दबला, खालचा तसाच पोकळ. "एक पावसाळा खाऊ द्या भरावाला," म्हणणाऱ्या म्हाताऱ्या गवंड्याला तुम्ही हसलात.

२३ जुलै २०२१च्या सकाळपर्यंत चोवीस तासांत महाबळेश्वरात ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. त्याच पावसात आपल्याच जिल्ह्यात, पाटण तालुक्यातल्या आंबेघर आणि मिरगावात दरड घरांवर आली, माणसं गेली. पिढ्यान् पिढ्यांचा डोंगर सुटतो, तिथे तुमचा महिन्याभराचा ढीग काय टिकणार? त्याच्या थेट खाली आमची लेकरं झोपतात.

२००१पासून महाबळेश्वर-पाचगणी पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तुमच्या परवानगीचा फलक कुठे आहे?

प्लिंथचं काम आजच थांबवा. भराव उपसा, थराथराने पुन्हा घाला. प्रत्येक थराची घनता जागेवर मोजा. प्रॉक्टर चाचणीतल्या कमाल घनतेच्या ९५ टक्के भरली तरच पुढचा थर. आकडे फाटकावर लावा. खाली संरक्षक भिंत बांधा, तिला पाणी निघायला भोकं ठेवा. जूनच्या आत जमणार नसेल तर ढीग उचलून न्या. तहसील कचेरीत आमचा अर्ज गेला आहे, पोच आमच्याकडे आहे.

खालच्या आळीतले रहिवासी