गाडी उन्हात बघू नये

आमच्या गाडीला अपघात झाला असं म्हणणं म्हणजे अपघात या शब्दाचा अपमान आहे. कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला मी मुकाट उभा होतो. मागून भाजीचा टेम्पो आला आणि त्यानं माझ्या डाव्या मागच्या कोपऱ्याला 'जरा सरकता का?' इतक्या बेतानं टेकून घेतलं. बंपर आत गेला, त्याच्या वरच्या पत्र्याला पोचा आला. टेम्पोवाला खाली उतरला, स्वतःचं वाकलेलं गार्ड दोन लाथांत सरळ केलं, माझ्या गाडीकडे कनवाळूपणे पाहिलं आणि म्हणाला, "इन्शुरन्स आहे ना साहेब? मग काय!"

हे 'मग काय' पुढे अडीच महिने चाललं.

चूक त्याची, तेव्हा पैसे त्याच्या विम्यानं द्यावेत, असा माझा भाबडा समज होता. आमच्या सोसायटीतले काका विमा कंपनीतून निवृत्त झालेत. ते म्हणाले, "जरूर घ्या त्याच्याकडून. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा." हाताच्या पंजाएवढ्या पोच्यासाठी न्यायाधिकरण! मी आपल्याच पॉलिसीवर दावा टाकायचं ठरवलं. मग कळलं की पाच वर्षं कुणाला न धडकल्याबद्दल मला जो 50 टक्के 'नो क्लेम बोनस' मिळत होता, तो दुसरा मला धडकल्याबद्दल शून्यावर येणार.

एवढ्यावर भागत नाही. गाडी 1500 सीसीच्या आतली, म्हणून दाव्यातले पहिले 1000 रुपये आपल्या खिशातले. बंपर प्लास्टिकचा. प्लास्टिक शेकडो वर्षं नष्ट होत नाही, असं मुलांना शाळेत शिकवतात. विम्याच्या तक्त्यात मात्र ते शोरूममधून निघतानाच निम्मं झिजलेलं असतं, म्हणून नव्या बंपरचे निम्मेच पैसे मिळतात. रंगाच्या सामानाचंही तसंच. यातून वाचवणारं 'झिरो डेप' नावाचं कवच मिळतं. ते मी दरवर्षी "आपल्याला कशाला?" म्हणून गाळत आलो होतो. दावा 50 हजारांच्या आतला, त्यामुळे सर्वेक्षक पाठवण्याचं कंपनीवर बंधन नव्हतं. मी मोबाइलवरून सहा फोटो पाठवले. त्यांत पोचा सोडून सगळं दिसत होतं. सौ. म्हणाली, "गाडी विकायची झाली तर हेच फोटो टाका."

अधिकृत सेवा केंद्रात एसी होता, कॉफी होती आणि सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर नावाचा एक हसतमुख तरुण होता. तो प्रत्येक वाक्याच्या दोन्ही टोकांना 'सर' लावायचा. "सर, चार दिवसांत देतो सर." अकराव्या दिवशी गाडी तयार झाली. वेळ दिली संध्याकाळी सव्वासातची. तयार गाडी संध्याकाळीच का देतात, याचा विचार मी तोवर केला नव्हता. जाणकार लोक लग्नाची मुलगी दिवसाउजेडी आणि गाडी भर उन्हात बघायचे. आता मुलींच्या बाबतीत सुधारणा झाली, गाडीच्या बाबतीत मात्र जुनंच बरोबर आहे.

किल्ली आणि समाधानपत्र एकाच ट्रेमधून आलं. 'गाडीचे काम माझे पूर्ण समाधान होईल असे झाले आहे' या अर्थाचा मजकूर छापलेला, खाली माझ्या सहीची जागा. समाधानाशिवाय विमा कंपनी गॅरेजला पैसे देत नाही आणि पैशांची खात्री झाल्याशिवाय गॅरेज मला किल्ली देत नाही. म्हणजे आधी समाधान, मग गाडी. ज्या समाधानासाठी माणसं आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी जातात, ते मला गुबगुबीत खुर्चीत बसल्या बसल्या, दोन प्रतींत मिळालं.

सकाळी उन्हात गाडी पाहिली आणि तिचे भाग एकाच आईची लेकरं वाटेनात. बंपर पांढरट चंदेरी, त्यावरचा पत्रा करडा चंदेरी आणि बाकीची गाडी आपली जुनी, ओळखीची. बंपर आणि पत्रा यांच्यातली फट उजवीकडे दहाचं नाणं जेमतेम जाईल एवढी होती, डावीकडे माझी करंगळी जात होती. काचेच्या रबरावर रंगाचा फवारा उडालेला. काकांनी मला रात्री पुन्हा पार्किंगमध्ये नेलं आणि ट्यूबलाइटखाली गाडी लावायला सांगितली. "पत्रा बघू नका, पत्र्यातली ट्यूब बघा." पुढच्या दारात ट्यूबचं प्रतिबिंब पट्टीनं आखल्यासारखं सरळ होतं. दुरुस्त केलेल्या भागात तीच ट्यूब वरंध घाटातून निघाली होती.

मी गाडी घेऊन गेलो. अ‍ॅडव्हायझरनं तपासणी केली ती शेडमध्ये, सावलीत. मग त्यानं एकामागून एक कारणं दिली, आणि खेदाची गोष्ट म्हणजे त्यातली बरीचशी खरी होती. चंदेरी रंग जुळवणं सगळ्यात अवघड, सर. त्यातले धातूचे बारीक कण फवारताना कसे आडवे-तिरपे बसतील त्यावर छटा बदलते, सर. प्लास्टिकवर आणि पत्र्यावर एकच रंग वेगळा दिसतो, सर. कारखान्यात नुसती बॉडी असते, ती साधारण 140 अंशांना भाजून काढतात. आमच्याकडे गाडीत रबर, वायर, प्लास्टिक सगळं असतं, म्हणून आम्ही 60 अंशांवर थांबतो, सर. हे सगळं ऐकून मला माझ्या पोच्याचीच लाज वाटू लागली. शेवटी त्यानं ठेवणीतलं काढलं. "सर, आमचा रंग कोडप्रमाणे परफेक्ट आहे. तुमची बाकीची गाडी फेड झालीय."

म्हणजे कोपरा दुरुस्त होता. उरलेली गाडी बिघडली होती.

"मग शेजारच्या दारावर तोच रंग विरळ करत नेऊन मिसळवा की," मी म्हणालो. हे काकांनी शिकवलं होतं. त्याचा चेहरा पहिल्यांदा पडला. "ते इन्शुरन्समध्ये बसत नाही, सर. दार तुमचं डॅमेज नाही." त्या क्षणी दाराला एक लाथ घालून त्याची पात्रता सिद्ध करावी, असा मोह मला झाला.

गाडी पुन्हा ठेवून घेतली. चार दिवसांनी फोन केला तर पावसामुळे रंग वाळत नव्हता. बंद खोलीत, साठ अंशांत, रंगाला पाऊस कसा लागतो, हे मी विचारलं नाही. आठ दिवसांनी पेंटर गणपतीला गावी गेला होता. कोकणात जाणाऱ्या माणसाला पुण्यात कुणी काही म्हणू शकत नाही. पंधरवड्यानं गाडी आली, तेव्हा फट भरली होती आणि बंपरचा रंगही थोडा पत्र्याकडे सरकला होता. शिवाय उजव्या दारावर नवा ओरखडा होता, मीटर तेवीस किलोमीटर पुढे गेलं होतं आणि माझ्या आकाशवाणीच्या जागी कुठलं तरी ढिंचाक स्टेशन लागत होतं. ट्यूबलाइट अजून घाटातच होती. आणि हो, नवं समाधानपत्र होतं.

त्या रात्री काका खाली आले ते फ्रिजवरचा मॅग्नेट घेऊन. गोव्याहून आणलेलं नारळाचं झाड. ते पुढच्या दारावर फटकन चिकटलं. दुरुस्त भागावर लावलं तर हळूहळू घसरत, शेवटी टपकन जमिनीवर पडलं. "लांबी," काका म्हणाले. पोचा आतून ठोकून, बाहेरून ओढून जमेल तेवढा वर आणायचा आणि उरलेल्या केसभर फरकात लांबी भरायची, हा या धंद्यातला धर्म. माझ्या गाडीत पोचा जिथल्या तिथे सुखरूप होता. त्याच्यावर लांबीचा थर थापून, घासून, वरून रंग मारला होता. दरवर्षी जूनआधी रस्त्यावरचे खड्डे ज्या पद्धतीनं बुजतात, तीच पद्धत. आजवर मी समजत होतो की फक्त कामाची लांबी वाढते आहे.

आता मात्र मी पेटलो. ग्राहक पंचायतीची चळवळ 1974 साली ज्या पुण्यात उभी राहिली, त्या पुण्याचा मी रहिवासी! 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा उघडला. त्यात 'सेवेतील त्रुटी' हा शब्द माझ्याकडेच बघत होता. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मी पत्र लिहिलं. जॉब कार्डाचा क्रमांक, तारखेसकट फोटो, नाण्याचा फोटो, करंगळीचा फोटो, पडलेल्या नारळाच्या झाडाचा फोटो. एक प्रत गॅरेजला, एक विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला. पुढची पायरी विमा लोकपाल, असा उल्लेख ठळक अक्षरात. विमा कंपनीनं कळवलं की काम गॅरेजनं केलं आहे. गॅरेजनं कळवलं की मंजुरी विमा कंपनीनं दिली आहे. दोघांनीही सोबत माझ्या सहीचं समाधानपत्र जोडलं होतं.

आणि मग एका दुपारी एका गोड आवाजाचा फोन आला. "सर, आपला सर्व्हिस अनुभव दहापैकी किती गुणांचा?" मी जेवत होतो. तोंडात घास होता. मी म्हणालो, "तीन."

घास गिळायच्या आत दुसरा फोन वाजला. अ‍ॅडव्हायझर होता, आणि त्याच्या वाक्यांतले 'सर' संपले होते. नुसता श्वास ऐकू येत होता. पाठोपाठ मॅनेजर. पाठोपाठ मॅनेजरचा मॅनेजर. कायद्याला, लोकपालाला आणि नारळाच्या झाडाला जे जमलं नाही, ते एका आकड्यानं केलं. त्या गुणांवर त्यांचा महिन्याचा इन्सेंटिव्ह ठरतो, हे मला नंतर कळलं. "सर, नऊ दिले असते तरी आम्ही नापासच होतो," तो काकुळतीनं म्हणाला. दहावीच्या परीक्षेत कलागुणांचे वाढीव गुण देणाऱ्या महाराष्ट्रात नऊला नापास करणारी ही एकच परीक्षा असावी.

गाडी न्यायला माणूस घरी आला. दुसऱ्या शाखेतून एक वयस्कर पेंटर बोलावला होता. त्यांनी पत्र्यावर मऊ फडकं ठेवलं, त्यावरून डोळे मिटून तळवा फिरवला आणि प्लंबरपासून दंतवैद्यापर्यंत सगळे कारागीर विचारतात तोच प्रश्न विचारला, "हे आधी कुणी केलंय?" अ‍ॅडव्हायझर छताकडे पाहू लागला. लांबी खरवडून काढली तेव्हा तिचे ढलपे पडले. खाली पोचा तसाच होता, टेम्पोनं दिला तेवढाच. मग तो ओढून वर आला, बोटभर जागेत पातळ लांबी बसली, प्रायमर, रंग, वर क्लिअर कोट. आणि जे विम्यात बसत नव्हतं ते शेजारचं दारही रंगात मिसळून झालं. त्याचे पैसे कुणी मागितले नाहीत. या वेळी मी सकाळी दहाची वेळ मागून घेतली, गाडी उन्हात काढायला लावली, तिच्याभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या आणि मगच सही केली. ट्यूब घाटातून उतरून सपाटीवर आली होती.

परवा त्याच सिग्नलला तोच टेम्पो शेजारी येऊन थांबला. गार्ड अजून थोडं वाकडंच होतं. त्यानं मला ओळखलं. खिडकीतून अर्धा बाहेर वाकून त्यानं माझा डावा कोपरा निरखला.

"कळतसुद्धा नाही राव कुठं लागलं होतं! किती गेले?"

मी बोनस धरून आकडा सांगितला. सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजू लागले. पण तो गिअर टाकेना. त्याला खरोखरच वाईट वाटलं होतं.

"तेव्हाच बोलायचं ना साहेब," तो म्हणाला. "आतनं एक लाथ घालून काढून दिला असता."