चुकलेल्यांचा पाहुणचार

सप्टेंबर संपत आला की ब्रिटनमधली काही शहाणीसुरती माणसं आभाळ बिघडायची वाट बघू लागतात. आग्नेयेकडून वारा सुटावा, त्यात पाऊस मिसळावा, जमलं तर धुकंही उतरावं, अशी त्यांची इच्छा असते. स्वच्छ उन्हाचा अंदाज ऐकला की त्यांची तोंडं उतरतात. कारण असल्या घाणेरड्या हवेतच शेटलंड बेटांवर, आणि त्यातही फेअर आइलवर, कुणीतरी वाट चुकून येतं.

फेअर आइल हा शेटलंड आणि ऑर्कनी यांच्या मधला समुद्रातला एक ठिपका. लांबी जेमतेम पाच किलोमीटर, रुंदी त्याच्या निम्मी, वस्ती पन्नासेक माणसांची. मेंढ्या अर्थातच जास्त. त्यांच्या लोकरीच्या नक्षीदार स्वेटरांमुळे बेटाचं नाव जगभर गेलं. झाड म्हणावं असं मात्र तिथे जवळजवळ काही नाही. त्यामुळे सैबेरियाच्या जंगलात शेंड्याशेंड्यांनी फिरणारा पिवळ्या भुवईचा वटवट्या इथे उतरला, की त्याला कुणाच्या तरी परसातल्या कोबीवर बसावं लागतं. वजन सहा ग्रॅमच्या आसपास. समुद्र ओलांडून आल्यावर तो पहिलं काम करतो ते कोबीच्या पानाखालची माशी टिपण्याचं. दमलो, चुकलो, आता कसं होणार, असलं काही त्याच्या चेहऱ्यावर दिसत नाही. काळजी करायला कुंपणापलीकडे दुर्बिणीवाले उभे असतातच.

खरं तर त्याने जायचं असतं आग्नेय आशियात. पण हे पक्षी रात्री उडतात आणि असे भरकटलेले बहुतेक त्याच उन्हाळ्यात जन्मलेले असतात. त्यांना आईबापांनी बोट धरून नेलेलं नसतं. कुठल्या दिशेला किती उडायचं हे उपजत अंगात असतं. एखाद्याच्या अंगात ते उलटं भरलेलं असावं, असं अभ्यासक म्हणतात. आग्नेयेला निघायचं, तर हा वायव्येला निघतो, आणि तेही पूर्ण आत्मविश्वासाने. (असे लोक मी पाहिले आहेत, रस्ता विचारला तर तेच आधी पुढे होऊन सांगतात.) इतर काहींचा काहीच दोष नसतो. स्कँडिनेव्हियावर हवेचा दाब वाढलेला असला की पूर्वेचा वारा त्यांना उत्तर समुद्रावर ढकलतो आणि पावसात जी पहिली जमीन दिसेल तिथे ते उतरतात. त्यापुढे नुसता अटलांटिक आहे.

बघणाऱ्यांचं बोलायचं तर लॅन्सिओलेटेड वॉर्बलरची गोष्ट सांगायला हवी. हा सैबेरियाचा तपकिरी रेघारेघांचा पक्षी उडण्यापेक्षा गवताच्या बुडातून उंदरासारखा पळणं पसंत करतो. ब्रिटनमध्ये तो बघायचा तर सहसा फेअर आइलच गाठावं लागतं. मग चांगली हुद्द्यावरची माणसं ओल्या चरात पोटावर झोपतात, श्वास रोखून धरतात आणि तो कधीकधी त्यांच्याच बुटांवरून चालत निघून जातो. हा पक्षी माणसाला पाहून बिचकत नाही. माणूस त्याच्या हिशेबातच नसावा.

या वेडाला तिथे घर मिळालं ते जॉर्ज वॉटरस्टन या स्कॉटिश गृहस्थामुळे. दुसऱ्या महायुद्धात, 1941 मध्ये, क्रीटवर तो जर्मनांच्या हाती सापडला. युद्धकैद्यांच्या छावणीत लोक पळून जायचे बेत आखतात. याने फेअर आइलवर पक्षी निरीक्षण केंद्र काढायचा बेत आखला. आजारपणामुळे 1943 मध्ये त्याची सुटका झाली आणि मायदेशी येताना बोटीवरून स्कॉटलंडची पहिली जमीन दिसली ती नेमकी फेअर आइलची. पुढे त्याने अख्खं बेटच विकत घेतलं, 1948 मध्ये नौदलाच्या जुन्या झोपड्यांत केंद्र सुरू केलं आणि 1954 मध्ये बेट नॅशनल ट्रस्ट फॉर स्कॉटलंडकडे सोपवलं. केंद्राची पुढची इमारत 2019 मध्ये आगीत गेली. लोकांनी पुन्हा बांधली.

आता आपल्या ओळखीच्या पाहुणीकडे येतो. भोरडी, म्हणजेच पळसमैना. अंग गुलाबी, डोकं काळं, त्यावर तुरा. मध्य आशियातून ती हिवाळ्यासाठी आपल्याकडे येते, थव्याथव्याने. सोलापूरकडे ज्वारी हुरड्याला आली की तिचे थवे उतरतात आणि शेतकरी माळ्यावर चढून गोफण फिरवतो, पत्र्याचा डबा बडवतो आणि तोंडाने जे म्हणतो ते इथे छापता येणार नाही. हीच भोरडी एखाद्या जूनमध्ये एकटीच शेटलंडच्या कुणा अंगणात उतरली, की तिच्या फोटोसाठी माणसं गाडी काढतात आणि घरमालक तिला खायला घालतो. तिच्या मुलखात तर आणखी वेगळीच तऱ्हा. चीनच्या शिनजियांगमध्ये ती टोळ फस्त करते म्हणून तिला घरटी करता यावीत यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचून देतात. पक्षी तोच, भूकही तीच. माझं मत विचाराल तर ज्याची ज्वारी गेली त्याने शेटलंडच्या रीतीने वागावं असं सांगायला मी जाणार नाही. पण थव्यातल्या एकीला तरी सांगावंसं वाटतं, बाई, एकटी जा, मान मिळेल.

तोही फार काळ टिकत नाही म्हणा. पिवळ्या भुवईचा वटवट्या पूर्वी दिसला की जावई आल्यासारखी धावपळ व्हायची. गेल्या काही दशकांत तो दर वर्षी जास्त संख्येने येऊ लागला आणि आता जुने निरीक्षक, ‘हो, तो आहेच,’ म्हणत पुढच्या परसाकडे वळतात. वटवट्यात काही कमी झालेलं नाही. भुवया तशाच आहेत.

चिकाटीने मान टिकवला तो आल्बर्टने. दक्षिण गोलार्धातला हा काळ्या भुवईचा अल्बट्रॉस 1972 मध्ये शेटलंडच्या अन्स्ट बेटावर, हरमानेसच्या कड्यावर, गॅनेट पक्ष्यांच्या वसाहतीत येऊन बसला. घरटं बांधायचा, जोडीदाराची वाट बघायचा. जोडीदार विषुववृत्तापलीकडे. अधूनमधून खाडा करत तो 1995 पर्यंत येत राहिला. त्याच्या आधी, फेरो बेटांतल्या मिचिनेस इथे, असाच एक अल्बट्रॉस 1860 पासून गॅनेटांच्या घोळक्यात राहिला होता. गावकरी त्याला गॅनेटांचा राजा म्हणत. 1894 मध्ये तो बंदुकीला बळी पडला आणि तपासल्यावर कळलं, राजा मादी होता. आल्बर्टची अशी तपासणी कुणी केली नाही, म्हणून तो अजून आल्बर्टच आहे.